मायणीच्या तळ्यासाठी माणसं पाहिजेत, थोडे पैसे पण

नमस्कार मंडळी, सातारा जिल्ह्यातल्या आपल्या मायणी आणि आसपासच्या गावातल्या सगळ्यांना आणि पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्या पोरांना पण, जरा शेवटपर्यंत वाचा.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण तळ्याच्या कडेनं चाललो होतो तर गाळात एक शेकाट्या पक्षी फडफडत होता, त्याचे ते लांब गुलाबी पाय नायलॉनच्या फाटक्या जाळ्यात असे गुरफटलेले की सोडवायला गेलं की अजून आवळायचं, शेवटी ब्लेडनं एकेक धागा कापला तेव्हा उडाला. त्याच जाळ्यात पलीकडं एक वारकरी, म्हणजे तो काळा पाणपक्षी, मरून पडलेला, कपाळावरचा पांढरा टिळा तेवढा चिखलातून दिसत होता. जाळं कुणीतरी टाकून दिलेलं, पण पाण्यात पडलं की ते धरतच राहतं.

जुनी माणसं अजून सांगतात, इथं रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, यायचे. हिवाळ्यात पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून इकडं उतरतात आणि आपण त्यांना असलं तळं देतोय.

२०२१ ला मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, तेव्हापासून सगळे म्हणतात फॉरेस्टवाले बघतील. तसं नाहीये हो. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं कलम ३६ ब आलं, त्यात अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीवर हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा १ प्रतिनिधी, वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांचे ३, शिवाय शेती आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक माणूस असतो. म्हणजे खुर्ची आपल्याला कायद्यानंच दिलीय, फक्त तिथं जाऊन बोलणारा माणूस ग्रामसभेनं नीट तयारी करून पाठवला पाहिजे. कुठली बाभूळ काढायची, कुठली घरट्यांसाठी ठेवायची, गाळ कधी काढायचा हे आपल्याइतकं कोणाला माहितीये?

आणि मासे धरणारी आपलीच माणसं आहेत, त्यांना चोर ठरवून काही होणार नाही, पक्षी असतात त्या महिन्यांत कुठल्या अंगाला जाळं लावायचं नाही हे त्यांच्याबरोबर बसूनच ठरवू. कोकणात खाडीकाठच्या गावांनी कांदळवनासाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या झाडांच्या जंगलासाठी, सह व्यवस्थापन समित्या केल्यात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बचत गटाच्या बायका स्वतः होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात आणि त्याचे पैसे घरी नेतात. आपल्या बायका तळं आणि पक्षी का नाही दाखवू शकणार?

आत्ता लागणार आहेत ते पैसे हातमोजे, गमबूट, गोण्या आणि हिवाळाभर दोन राखणदारांच्या मानधनासाठी. ५० रुपये द्या नाहीतर ५००, पावती मिळेल, हिशोब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावू. पैसे जमत नसतील तर एक दिवस ट्रॅक्टर-ट्रॉली द्या, तेही लाखमोलाचं आहे. फॉरेस्टची परवानगी घेऊनच काम करायचं, कोणी परस्पर झाड तोडायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला तळ्यातली जाळी काढायला तलावाच्या भिंतीवर या. घरात जुनी फाटकी जाळी पडली असतील तर ती पण घेऊन या, कोणी काही विचारणार नाही.