लांडोर चार आठवडे कशाला बसते? मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
माननीय महिला व बाल विकास मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सादर नमस्कार.

या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहितेय ते आमच्या बडोद्यातल्या माणसांसाठी. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात बसून ‘खाण तशी माती’ म्हणत जी मोकळी होतात, त्यांनीही हे वाचावं. मी अंगणवाड्यांची मुख्य सेविका होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची एक मीटिंग डोक्यातून जात नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांच्याशी खेळायला, बोलायला प्रत्येक अंगणवाडीला एक जास्तीची बाई द्या, एवढीच आमची मागणी होती. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि हसत म्हणाले, “बेन, मोरनां ईंडां चीतरवा न पडे.” मोराची अंडी रंगवावी लागत नाहीत, रंग आतूनच येतो. मग विश्वामित्रीकाठच्या आमच्या वस्तीचं नाव घेऊन वर, “एमना लोहीमां ज भणतर नथी.” यांच्या रक्तातच शिक्षण नाही. सगळे हसले. मीही थोडी हसले, त्याची लाज अजून वाटते. उत्तर सुचलं ते नेहमीसारखं उशिरा, घरी भांडी घासताना: अंडं चितरावं लागत नाही हे खरं, पण मग लांडोर त्यावर चार आठवडे कशाला बसते?

आनुवंशिकता नाकारणारी मी नव्हे. इतकी वर्षं बाळं काट्यावर ठेवलेल्या बाईला कळतं, कोण कुणाच्या वळणावर गेलंय ते. उंचीचंच घ्या. खाऊनपिऊन सुखी समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक असतो, त्यातला सुमारे 80 टक्के आनुवंशिक म्हणतात. पण त्याच उंचीत दक्षिण कोरियाच्या बायका शंभर वर्षांत सरासरी 20 सेंटिमीटरने वाढल्या. चार-पाच पिढ्यांत रक्त बदलत नाही, ताट बदलतं. आणि आपल्या राज्यात? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची शंभरातली 39 मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. ‘आईबापच बुटके आहेत’ हे उत्तर मी कितीदा ऐकलंय. आईबाप बुटके का राहिले, हे कुणी विचारत नाही.

बुद्धीचंही तसंच काहीसं. 2003 साली एरिक टर्कहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुखवस्तू घरांत बुद्ध्यंकातल्या फरकाचा मोठा वाटा आनुवंशिक निघाला. गरीब घरांत तो जवळजवळ शून्यावर आला आणि घरच्या परिस्थितीचा वाटा वरचढ ठरला. युरोपातल्या अभ्यासांत असं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण साहेबांचं वाक्य नेमकं उलटं होतं. गरिबाचं सगळं रक्तावर, आणि स्वतःच्या मुलाला मात्र दोन ट्यूशन!

अलकापुरीकडच्या काही घरांत तर मुलाच्या दहाही बोटांचे ठसे देऊन त्याची ‘जन्मजात बुद्धिमत्ता’ काढून आणतात. रंगीत फाइल मिळते, हजारो रुपये जातात. याला विज्ञानाचा आधार नाही. गंमत म्हणजे एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात, कारण ते उमटताना गर्भाशयात दोघांच्या वाट्याला सगळं सारखं येत नाही. ज्या ठशात वारसा शोधायचा, त्यात परिस्थितीच बसलेली.

फिनाइलकीटोनुरिया नावाचा एक विकार आहे, दुर्मीळ. दोन्हीकडून सदोष जनुक आलं तरच होतो, म्हणजे शंभर टक्के वारशाचा. प्रथिनांतलं फिनाइलअलॅनिन शरीरात साचतं आणि मेंदूची कायमची हानी होते. पण पहिल्या काही दिवसांत टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून तो ओळखला आणि खास आहार चालू ठेवला, तर मूल चारचौघांसारखं वाढतं. त्याच थेंबात जन्मजात थायरॉइडची उणीवही कळते, आणि तिला तर रोजची एक छोटी गोळी पुरते. केरळात सरकारी रुग्णालयांत ही तपासणी करतात. आमच्या वस्तीतल्या आयांना मी विचारायचे, टाचेचं रक्त घेतलं होतं का? त्या दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवायच्या.

आता चकलीचं सांगते. चकली म्हणजे गुजरातीतली चिमणी. घरचे तिला तेच म्हणायचे. आईबाप दाहोदकडचे, कडियाकामावर, म्हणजे गवंडीकामावर. वीस महिन्यांची पोर दिवसभर विटांच्या ढिगाशेजारी झोळीत. एक शब्द बोलत नव्हती. आजी म्हणाली, “बापही असाच होता, उशिरा बोलला.” झालं, वारसा सिद्ध! मी मागे उभी राहून ताट आपटलं. चकली गर्रकन वळली, म्हणजे कान ठीक. आम्ही युनिव्हर्सिटीत होम सायन्सला होतो तेव्हा बाळांच्या चाचण्या शिकलो होतो. प्रमिला फाटक यांनी अमेरिकेतल्या बेली चाचण्या भारतीय बाळांसाठी बसवल्या, त्या याच शहरात. त्यात ठोकळ्यावर ठोकळा ठेवायला सांगतात. माझ्याकडे ठोकळे कुठले? बाटल्यांची झाकणं पुढे केली. चकलीने एक उचललं, तोंडात घातलं आणि माझ्याकडे बघत राहिली. झाकणाचं काय करायचं असतं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

आमची तेडागर बाई, म्हणजे अंगणवाडीची मदतनीस, तिच्याच चाळीत राहायची. दुपारी तांदूळ निवडताना ती चकलीला शेजारी घेऊन बसू लागली. अर्धा तास, रोज. “आ चोखा. आ कांकरो. कांकरो फेंकी दे.” पाचव्या महिन्यात मी गेले तर पोरगी सुपातला खडा उचलून “कांको” म्हणाली आणि माझ्या पायावर फेकला. मागाहून झाकणंही रचली. चार.

एका चकलीवरून काही सिद्ध होत नाही. काही मुलं आपलीआपण उशिरा बोलतात, कदाचित तीही बोललीच असती. म्हणून जमैकाचा दाखला देते. 1986-87 मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या खुज्या, 9 ते 24 महिन्यांच्या 129 मुलांवर हा प्रयोग सुरू झाला. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्यातून तासभर जायच्या, घरी बनवलेली खेळणी घेऊन, आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायच्या. काहींना फक्त पूरक आहार मिळाला. वीस वर्षांनी नुसत्या आहाराचा परिणाम पुसला गेलेला होता. खेळ मिळालेल्यांची कमाई मात्र न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त निघाली. अंगणवाडीतून मिळणारं पूरक आहाराचं बालशक्तीचं पाकीट हवंच, महोदय. पण पाकीट बोलत नाही.

आणि बडोद्यात बसून कुणी रक्ताचं कौतुक सांगावं? 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं, तेही गायकवाडच होते. मग त्याच कुळातला कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ आणला, ज्याला लिहितावाचता येत नव्हतं. कुळामुळे दार उघडलं, हे मान्य. पुढची सहा वर्षं मात्र त्याचे इंग्रज शिक्षक इलियटसाहेब आणि दिवाण माधवराव यांनी त्याच्यावर घातली. या गोपाळनेच सयाजीराव होऊन 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. रक्तात शिक्षण असतं असं मानणाऱ्याने सक्ती कशाला केली असती?

मागणं जुनंच आहे. प्रत्येक अंगणवाडीला तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक जास्तीची बाई, पगारी, आणि तिच्या हातात मोबाइल देऊ नका. सध्याच्या कार्यकर्तीची अर्धी सकाळ फोटो चढवण्यात आणि चेहरे जुळवण्यात जाते. नेटवर्क नसेल तर पूर्ण सकाळ. दुसरं, सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या एकाही बाळाला टाचेच्या रक्ताच्या तपासणीशिवाय घरी सोडू नये, आणि तिचा निकाल आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींच्या ममता कार्डावर लिहावा. आईने वाचला नाही तरी आमची बाई वाचेल.

बडोद्याला याल तेव्हा एखाद्या बुधवारी, आई-बाळांच्या तपासणीच्या ममता दिवसाला, वस्तीत या. अकरा वाजता. आधी कळवू नका, नाहीतर भिंती रंगवतील आणि मुलांना रडवून नवे कपडे घालतील. मी अजूनही बुधवारी तिथे जाते. झाकणांची पिशवी माझ्याकडेच आहे.

आपली,
एक निवृत्त मुख्य सेविका
दांडिया बाजार, बडोदा