वर्ग मोबाइलवर, पंप ज्याच्या-त्याच्या अंगणात

संपादक महोदय,

जून लागला की तालुक्याच्या गावी फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्यांच्या जाहिराती व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरू लागतात. वर गणपती, खाली नंबर, मध्ये 'सर्व प्रकारचे पंप दुरुस्त करून मिळतील'. त्या कुणी वाचत नाही. पुढे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे दिसले की एकाच आठवड्यात अख्खे गाव पंप घेऊन दुकानात उभे राहते. कारागिराला जेवायला सवड नसते आणि कास्तकाराची फवारणी चार दिवस लांबते. हा हंगामी लोंढा आधी पसरवायचा असेल, तर कारागिराने मृगाच्या आगेमागे मोबाइलवर पंप दुरुस्तीचा थेट वर्ग घेण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मात्र बरेच जण तो भाषणासारखा घेतात, आणि तिथेच तो फसतो.

वर्गाला येणाऱ्याने आपला पंप समोर घेऊन बसले पाहिजे. पंप आधी धुतलेला आणि टाकीत फक्त साधे पाणी. पहिल्या वर्गाला नोझल, म्हणजे फवारा सोडणारे टोक, घ्यावे. नोझल बादलीत धरून बरोबर १ मिनिट पंप चालवायचा आणि आलेले पाणी दुधाच्या मापाने मोजायचे. त्याच जातीचे नवे नोझल लावून पुन्हा तेच करायचे. जुन्यातून १० टक्क्यांहून जास्त पाणी आले, म्हणजे नव्यातून ६०० मिली आणि जुन्यातून ६६० च्या वर, तर भोक झिजले आहे आणि नोझल बदलायला हवे. कारागिराने स्वतः करून दाखवावे, मग प्रत्येकाला आपला आकडा सांगायला लावावा. एकाच कंपनीच्या पंपांत ज्याचा आकडा भलताच वेगळा निघतो, तो दुसऱ्या दिवशी पंप घेऊन येतो. त्याला 'या' म्हणावे लागत नाही. आधी रेकॉर्ड करून टाकलेल्या व्हिडिओतून हे साधत नाही, कारण त्यात समोरच्याच्या हातात बादली नसते.

'सगळे शिकवले तर गिऱ्हाईक कशाला येईल?' ही भीती नेहमी ऐकू येते. गाळणी साफ करणे, गॅस्केट बदलणे, नोझल मऊ ब्रशने धुणे हे घरी होण्यासारखेच आहे. ते फुकट शिकवावे. नोझलमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते. तोंडाने तर कधीच फुंकू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली, हे इथे कुणी विसरलेले नाही. डायाफ्राम (पाणी ढकलणारा रबरी पडदा), प्रेशर स्विच (दाब भरला की मोटार थांबवणारा) आणि मोटार ही कामे दुकानातच येतात, आणि वेळेवर आली तर स्वस्तात निपटतात. औषध कोणते, किती मिलीचे, हे मात्र कारागिराने सांगायच्या फंदात पडू नये. तो प्रश्न सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) पाठवावा.

बॅटरीचा वर्ग वेगळा ठेवावा. लेडची १२ व्होल्टची बॅटरी दिवाळीनंतर रिकामीच कोपऱ्यात पडून राहते, प्लेटांवर सल्फेट चढते, आणि जूनमध्ये चार्जरचा दिवा हिरवा झाला तरी दोन टाक्यांत पंप बसतो. रात्रभर चार्ज करून, चार तास तशीच ठेवून मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) लावला तर १२.७ व्होल्टच्या आसपास यायला हवे. इतकी विश्रांती देऊनही १२ च्या खाली असेल तर तिचा भरवसा नाही. लिथियमच्या पंपांना हे आकडे लागू नाहीत, हे सुरुवातीलाच सांगावे, नाहीतर वर्गभर गोंधळ होतो.

आता मोबाइलचे. झूमवर फुकटात ४० मिनिटे मिळतात, गूगल मीटवर ६०. दोन्हीकडे १०० माणसे बसतात. ४० पुरतात: १२-१५ मिनिटे दाखवणे, बाकी सगळे प्रश्न. फोन हातात धरू नये. दोन तेलाच्या डब्यांवर फळी टाकून तिच्या कडेला, मागचा कॅमेरा खाली बघेल असा ठेवावा आणि उजेड बाजूने घ्यावा. टिनाच्या शेडखाली वर्ग घेऊ नये. पाऊस आला की पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. वायरचा इअरफोन लावला तर आवाज साफ जातो. मध्येच फोन आला की वर्ग अडकतो, म्हणून दुकानाचा नंबर दुसऱ्या मोबाइलवर वळवावा.

आवाजाची एक गंमत आहे. घोडा (फवारा सोडायचा खटका) बंद असताना पंप थांबून थांबून 'टक-टक' करत असेल तर कुठेतरी बारीक गळती आहे. अजिबात थांबत नसेल तर बहुधा प्रेशर स्विच गेला आहे, किंवा गळती मोठी आहे. पण झूम मोटारीचा आवाज गोंगाट समजून दाबून टाकते. अशा वेळी शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर १० सेकंदांची व्हॉइस नोट पाठवायला सांगावे आणि ती सगळ्यांना ऐकवावी.

वर्गाचे नाव 'मोफत ऑनलाइन कार्यशाळा' ठेवले तर कुणी फिरकत नाही. 'पंप चालतो पण धार येत नाही, का?' असे ठेवावे. वेळ शेतीच्या लाइनच्या (विजेच्या) पाळीवर ठरवावी. रात्री ओलिताची लाइन असलेल्या गावाला आठ वाजता बोलावण्यात अर्थ नाही. लिंक दोन दिवस आधी द्यावी आणि वर्गाच्या अर्धा तास आधी पुन्हा, कारण मधल्या वेळात ती गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते. ज्यांचा दिवसाचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपत आलेला असतो, त्यांच्यासाठी हाताने जे करतो ते तोंडानेही बोलत राहावे, म्हणजे व्हिडिओ बंद ठेवूनही समजते.

प्रश्न विचारणाऱ्याचे नाव, गाव, पंपाचा प्रकार आणि बिघाड वहीत लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच फोन करावा. डायाफ्राम बदलण्याचे, स्विच बदलण्याचे भाव वर्गातच सांगून टाकावेत. 'पंप पाहून सांगू' म्हटले की माणूस बिचकतो. पंप आणायला आठवडी बाजाराचा दिवस द्यावा, नाहीतर त्याचे एसटीचे भाडे दुरुस्तीच्या वर जाते.

ज्यांच्याकडे साधाच फोन आहे, विशेषतः फवारणीच्या रोजंदारीवर जाणारे मजूर, ते या सगळ्यातून सुटतात. ग्रामपंचायतीतल्या संगणकावर महिन्यातून एका संध्याकाळी असा वर्ग लावता येईल. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गावाच्या गटावर लिंक पुढे पाठवली आणि आपल्या दैनिकाने तालुक्याच्या पानावर वर्गांच्या वेळा दोन ओळींत छापल्या, तर पुढच्या खरिपाआधी ही सोय गावोगाव होऊ शकेल.

— फवारणी पंप दुरुस्ती करणारे कारागीर, यवतमाळ जिल्हा