लाख-कोटींचा स्वल्पविराम

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

लाख-कोटींचे स्वल्पविराम देणारं टेम्प्लेट (पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) तू एक्सएसएलटीच्या, म्हणजे एक्सएमएल डेटाचं रूप बदलणाऱ्या भाषेच्या, त्या मुक्त लायब्ररीला देणार आहेस, हे कळलं. फार आनंद झाला. आपल्या सियागंजातला ठोक व्यापारी वहीत १२,३४,५६७ लिहितो आणि संगणक त्याला १,२३४,५६७ छापून देतो, हे आता थांबायला हवं. पण पॅच, म्हणजे तुझा बदल, पाठवायच्या आधी हे नीट वाच.

मेंटेनर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारा, पहिल्यांदा विचारेल की दिलेल्या साच्याप्रमाणे आकडा छापणारं फॉरमॅट-नंबर हे फंक्शन असताना हे कशाला? उत्तर तयार ठेव. एक्सएसएलटीच्या १९९९ च्या १.० आवृत्तीवर चालणारे एक्सएसएलटीप्रॉक आणि झालान हे प्रोसेसर साच्यातला फक्त शेवटचा गट बघतात आणि तोच पुढे गिरवतात. तू साच्यात दोन-दोनचे गट कितीही मांडलेस तरी स्वल्पविराम तीन-तीन अंकांनीच पडतात. २००७ च्या २.० पासून तू मांडशील त्याच जागी पडतात, पण तेवढ्याच जागी. साचा लाखापर्यंतचा आणि आकडा बारा कोटींचा असेल, तर १२३४,५६,७८९ असं काहीतरी छापलं जातं. म्हणून २.० समजणारा सॅक्सन हा प्रोसेसर वापरणाऱ्याला लांब साचा पुरतो. तुझं टेम्प्लेट १.० वाल्यांसाठी आहे, तसं स्पष्ट लिही.

रीत सोपी आहे. शेवटचे तीन अंक तोडायचे, उरलेल्यातून दोन-दोन तोडत जायचं. मात्र तुकडा तोडून देणारं सबस्ट्रिंग हे फंक्शन एकपासून मोजतं, त्यामुळे शेवटचे तीन अंक 'लांबी वजा दोन' या जागेपासून सुरू होतात. तिथे वजा तीन लिहिलंस तर १२,३४,४५६७ येईल. चार हा अंक दोनदा. उणे चिन्ह आधी वेगळं काढ. नाहीतर उणे १२३ ची लांबी चार भरते आणि '-,१२३' छापलं जातं. उणे १२,३४५ चंही तसंच होतं, पण उणे १,२३,४५६ बरोबर येतो, म्हणून ही चूक चटकन सापडत नाही.

दशांश तोडताना टिंबाआधीचा भाग देणारं सबस्ट्रिंग-बिफोर वापरशील. टिंब नसेल तर ते रिकामी स्ट्रिंग देतं आणि पूर्णांक अख्खा गायब होतो. शोधण्याआधी आकड्याच्या शेवटी एक टिंब जोडून टाक. आणि फॉरमॅट-नंबरने दोन दशांश स्थळांपर्यंत गोळाबेरीज आधी, तुकडे नंतर: ९९९९९.९९९ चे १,००,०००.०० व्हायला हवेत. शून्याने भागल्यावर इन्फिनिटी हा शब्द येतो, त्यातसुद्धा तुझं टेम्प्लेट स्वल्पविराम घुसवेल. तो आधीच बाजूला काढ. देवनागरी अंक हवे असतील तर अक्षरं बदलणारं ट्रान्सलेट अगदी शेवटी. देवनागरी अंकांची स्ट्रिंग नंबर या फंक्शनला दिली की आकडा मिळत नाही, फक्त 'एनएएन' (हा आकडा नाही) मिळतं.

या सगळ्या टेस्ट पॅचसोबतच जायला हव्यात. एक छोटी एक्सएमएल फाइल, एक स्टाइलशीट (एक्सएसएलटीची फाइल), एक अपेक्षित निकाल. आकडे: ०, ७, ९९९, १०००, ९९९९९, १०००००, १०००००००, उणे १२३, उणे १२३४५, ९९९९९.९९९ आणि रिकामी जागा. एक्सएसएलटीप्रॉक, झालान, सॅक्सन तिन्हींवर चालव आणि कोणत्या आवृत्तीवर चालवलं ते लिही. एक्सएसएलटीप्रॉकला स्टाइलशीट आधी आणि डेटा नंतर द्यायचा, हे विसरू नकोस.

आता समोरच्या माणसाचा, त्या मेंटेनरचा, विचार कर, मला खरी काळजी त्याचीच आहे. तो हे काम पगारावर करत नाही. एक्सएसएलटीप्रॉक ज्यावर चालतो ती लिबएक्सएसएलटी ही लायब्ररी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने २०२५ मध्ये ते काम सोडलं, आणि त्या वेळी अनेक ब्राउझर त्याच लायब्ररीवर चालत होते. म्हणून पॅच असा दे की त्याला चहा गार व्हायच्या आत वाचून होईल. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. त्यात फाइलचे टॅब बदलून स्पेस करू नकोस. तीस ओळींचा बदल तीनशे ओळींचा दिसतो आणि खरा बदल त्यात हरवतो. नोकरीतल्या प्रोजेक्टमधली एकही ओळ उचलू नकोस, ती तुझी नाही. लायसन्सची फाइल आधी वाच.

टेम्प्लेटचं नाव लायब्ररीच्या नेमस्पेसमध्येच (नावांच्या घराण्यातच) ठेव, आणि विचार करून ठेव. ते एकदा बाहेर पडलं की लोकांच्या स्टाइलशीटमध्ये जाऊन बसतं, मग बदलता येत नाही. पूर्वी तात्पुरता निकाल पुन्हा वापरता यावा म्हणून लागणारं नोड-सेट हे फंक्शन झालानचं वेगळं, मायक्रोसॉफ्टचं वेगळं होतं. स्टाइलशीट एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर नेली की मोडायची. २००१ मध्ये स्वयंसेवकांनी ईएक्सएसएलटी या नावाने एकच नेमस्पेस ठरवला, आणि मग ते बऱ्याच प्रोसेसरांवर एका नावाने चालू लागलं. कोड थोडाच होता, एकमत करण्यातच सगळी मेहनत होती.

उत्तर यायला महिनाभर लागेल. तोवर नवख्यांना मदत कर. 'माझं टेम्प्लेट काहीच पकडत नाही' असं कुणी म्हटलं की आधी मूळ एलिमेंटवरचा डिफॉल्ट नेमस्पेस बघ. डेटातल्या प्रत्येकाला घराण्याचं आडनाव लागलेलं असतं आणि एक्सपाथ १.० मध्ये (एक्सएमएलमधली जागा शोधायच्या भाषेत) उपसर्गाशिवाय लिहिलेलं नाव म्हणजे बिनआडनावाचा माणूस. तो सापडणार कुठून? स्टाइलशीटमध्ये त्याच नेमस्पेसला एक उपसर्ग दे आणि तो प्रत्येक नावाच्या आधी लाव, एवढंच सांगायचं. आणि सांगताना 'हे तर सोपं आहे' असं म्हणायचं नाही.

टेस्टची फाइल आधी मला पाठव. शनिवारी रात्री तिन्हींवर चालवून बघते.

तुझी,
आई