ओळखीची सूट कुणाच्या पदरातून?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेली अकरा वर्षं मी एका रेस्टॉरंटमध्ये गल्ल्यावर बसते. मी मालकीण नाही, पगारी नोकर आहे. बिल काढणं, पैसे घेणं आणि रात्री हिशेब जुळवणं हे माझं काम. मालकाचे मित्र आणि वेटर मुलांचे मित्र, दोघांचीही बिलं माझ्याच हातून जातात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मागच्या रविवारी संध्याकाळी मालकाचे एक जुने वर्गमित्र सहकुटुंब आले. आठ माणसं होती. मोठं टेबल त्यांनी जवळजवळ तीन तास अडवलं. दाराशी माणसं ताटकळत उभी होती, त्यातली दोन कुटुंबं कंटाळून निघून गेली. बिल गेल्यावर त्या गृहस्थांनी ते हातात धरून, चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात मालकाला हाक मारली, “काय रे, आमच्याकडूनही पूर्ण घेणार का?” मालक हसले आणि मला म्हणाले, “वीस टक्के कमी करा.” महिनाअखेर होती. त्याच दुपारी एका पुरवठादाराला “चार दिवस थांब” असं सांगायला त्यांनी मलाच लावलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते मी त्या दिवशी समोर पाहिलं.

बाहेरच्यांना वाटतं, हॉटेलवाल्याला काय फरक पडतो, पदार्थ तर घरचाच! आमच्या वहीत तसं दिसत नाही. 100 चं बिल झालं, तर 30 ते 35 कच्च्या मालात जातात आणि जवळपास तेवढेच पगारांत. राहिलेल्यांतून भाडं, वीज, गॅस, साफसफाई, फुटलेली काचभांडी, बिघडलेल्या फ्रीजची दुरुस्ती, कार्डाच्या व्यवहारावरचं बँकेचं कमिशन. महिना चांगला गेला, तर 10 च्या आसपास उरतात. मंदीच्या महिन्यात तेही नाही. आता यात मित्राने 20 टक्के मागितले, तर उरायचे ते 10 गेलेच, वर 10 पदरमोड. म्हणजे मित्राच्या टेबलाचं नुकसान भरून काढायला पूर्ण पैसे देणारं तेवढंच आणखी एक टेबल लागतं.

रिकाम्या दुपारची गोष्ट वेगळी आहे, हे मी मान्य करते. अर्धी टेबलं ओस पडलेली असतात तेव्हाही भाडं आणि पगार चालूच असतात. अशा वेळी मित्राने 80 दिले तरी माल वजा जाता हातात काहीतरी पडतं. म्हणून आमचे मालक जवळच्या माणसांना आपणहून सांगतात, गर्दी नसताना या, निवांत बोलता येईल. पण ओळखीवर येणाऱ्यांना बहुधा सुट्टीची संध्याकाळच हवी असते, खिडकीजवळचं टेबल हवं असतं आणि वर सूटही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मालक बिल कमी करण्यापेक्षा टेबलावर एखादा पदार्थ आपल्यातर्फे पाठवतात, तेव्हा कित्येकांचा चेहरा पडतो. “एवढंच?” असं एका बाईंना म्हणताना मी ऐकलं आहे. बिलात जो पदार्थ 20 ला लागतो, त्याला माल 6-7 चा लागतो. पाहुण्याला 20 चं मिळतं आणि मालकाला झळ 6-7 चीच बसते. शिवाय आचारी तो पदार्थ मन लावून करतो, कारण कुणासाठी करतोय हे त्याला माहीत असतं. मैत्रीखातर काही द्यायचंच असेल, तर घर न बुडता देण्याची हीच रीत आहे.

मालक निदान मालक तरी आहेत. त्यांची पदरमोड त्यांच्या मर्जीची. माझा जीव तुटतो तो वेटर मुलांसाठी.

वेटरच्या हातात सूट नसते. त्याने ऑर्डर मशीनमध्ये टाकली की स्वयंपाकघरात केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, निघते. त्यानंतर बिलातून काही काढायचं, तर मॅनेजरचा पासवर्ड लागतो, आणि काय काढलं, कुणी काढलं, किती वाजता, हे सगळं रात्रीच्या रिपोर्टमध्ये येतं. तरीही मित्र येऊन बसतात आणि म्हणतात, “तू इथे असून आमचा काय फायदा?”

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा होता. कामाला चोख, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. त्याचे चार मित्र दर आठवड्याला येऊ लागले. पहिल्यांदा त्याने त्यांच्या बिलाचे काही पैसे स्वतःच्या खिशातून भरले. ते मला माहीत होतं, कारण ते त्याने माझ्याकडेच भरले. मग ते परवडेना. तो दोन-दोन पदार्थ केओटी न काढता आचाऱ्याला तोंडी सांगून घेऊ लागला. मालाचा हिशेब लागेना, तेव्हा मी आठवडाभर मोजदाद केली आणि तो कागद मालकांपुढे ठेवला. तसं करणं माझं काम होतं. त्या मुलाने एक पैसाही स्वतःच्या खिशात घातला नव्हता, आणि तरी चोरीचा ठपका घेऊन तो गेला. निघताना मला म्हणाला, “ताई, त्यांना नाही कसं म्हणायचं तेच कळलं नाही.”

मालकांनी त्यानंतर एक नियम केला, तो इतरांनीही करावा असं मला वाटतं. प्रत्येक कामगाराला महिन्यात एका बिलावर ठरावीक सूट, वहीत नावानिशी नोंद करून. तो आई-वडिलांना आणू शकतो, मित्रांना आणू शकतो, ताठ मानेने. बाकी दिवशी कुणी मागितलं, तर त्याला वहीकडे बोट दाखवता येतं. नकार द्यायचा तो वही देते, पोराला मित्रांपुढे ओशाळावं लागत नाही.

टीपबद्दलही लिहायला हवं. आमच्याकडे टीपचे पैसे एका डब्यात जमतात आणि आठवड्याला सगळ्यांत वाटले जातात, भांडी घासणाऱ्या मावशींनाही. बिल कमी झालं की लोक टीपही त्या कमी झालेल्या आकड्यावर ठेवतात, किंवा ओळखीचंच ठिकाण म्हणून ठेवतच नाहीत. मालकाने सूट दिली ती आपल्या पैशांतून. मावशींनी काही सूट दिलेली नव्हती.

मालकांच्या एक बालमैत्रीण आहेत. त्या येतात तेव्हा मालकांना स्वयंपाकघरातून बोलावून घेत नाहीत. स्वतः आत डोकावतात, हात हलवतात आणि जाऊन बसतात. बिलात कधी सूट दिसली, तर मला एकदाच “अगं, कशाला?” म्हणतात, काउंटरवर हुज्जत घालत नाहीत, आणि टीप मूळ बिलाच्या हिशेबाने ठेवतात. काही आवडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मालकांना फोनवर सांगतात, पोरांसमोर नाही. त्या आल्या की आचाऱ्यापासून सगळे खूश असतात. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही सूट मागितलेली नाही, आणि मालक सर्वांत जास्त वेळा काही पाठवतात ते त्यांच्याच टेबलावर.

त्या मुलाचे चार मित्र अजून अधूनमधून येतात. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, तो कुठे गेला? मी जे घडलं ते सांगितलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्याने त्यांना सांगितलं होतं की इथे स्टाफच्या मित्रांना निम्मं बिल असतं.

आपली,
गल्ल्यावर बसणारी एक वाचक