रेखाटलेली साक्षही साक्षच

संपादक महोदय,

अ‍ॅनिमेशनपटाला माहितीपट म्हणावे का, हा वाद जुनाच. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले तेव्हा तिथे कॅमेरा नव्हता. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी हजारो चित्रे काढून १९१८ मध्ये ती घटना पडद्यावर आणली. ‘फ्ली’ (२०२१) या अ‍ॅनिमेशनपटातल्या अफगाण निर्वासिताला चेहरा दाखवणे शक्य नव्हते. चेहरा रेखाटलेला, पण आवाज त्याचाच. सांगता सांगता तो अडखळतो, थांबतो. ते थांबणे कुणा चित्रकाराने रचलेले नाही. २०२२ च्या ऑस्करसाठी ‘फ्ली’ला माहितीपट विभागातही नामांकन मिळाले, हे अगदी रास्त झाले. मॅके यांच्या पटात मात्र युद्धप्रचारही मिसळला होता. म्हणून साक्ष कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, हे दिग्दर्शकाने प्रेक्षकाला सांगायलाच हवे.

– एक वाचक