रात्रीच्या मदतनीसाबद्दल, रागावू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून विषय संपवला असता आणि आई, तू नुसती गप्प बसली असतीस. म्हणून पत्र. येत्या सोमवारपासून आठवड्यातल्या तीन रात्री दादाच्या खोलीत एक मदतनीस झोपेल. ठरवून झालंय, तीन महिन्यांचे पैसेही भरलेत. तुम्हाला न विचारता केलं, ही माझी चूकच. पण विचारलं असतं तर हो म्हणाला असतात का?

मागच्या खेपेला रात्री दोनला पाणी प्यायला उठले होते. बाबा, तुम्ही दादाला कुशीवर वळवत होतात. एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, श्वास रोखलेला. तो वळला, पण तुम्ही पलंगाची कड धरून तसेच वाकून राहिलात, बराच वेळ. मी दारातूनच मागे फिरले. दादाची सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हालचाल बिघडवणारा मेंदूतला दोष, वाढत जात नाही, हे मी लहानपणापासून ऐकतेय. पण दादा वाढला, आणि तुम्ही म्हातारे झालात. (हा शब्द खोडणार होते. राहू दे.)

आई, परक्याच्या हाती पोर कसं द्यायचं, हेच ना तुझ्या मनात? अगं, "काही लागलं तर सांगा" म्हणणारे आपल्याला जन्मभर भेटले. लागायचं तर रोजच, सांगायचं कुणाला? मावशी तेवढी न सांगता यायची आणि म्हणायची, "दोन तास मी बसते, तू पड." तू पडायची नाहीस ती नाहीसच. मला पुढ्यात घेऊन वेणी घालायचीस, सावकाश, दोन्ही हातांनी. एरवी तुझा एक हात कायम दादाकडे असायचा. तक्रार नाही करत. त्या दुपारी मला फार आवडायच्या, एवढंच.

बाबा, तुम्हाला कागद लागतो, म्हणून सांगते. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार 2006 सालचा. त्याच्या 28व्या कलमात प्रशिक्षण, समुपदेशन आणि पैशांच्या मदतीबरोबर 'रेस्पाइट केअर'ही आहे; म्हणजे सांभाळणाऱ्याला मधूनमधून सुट्टी. ते कलम गरिबीतल्या कुटुंबांसाठी आहे, हे तुम्ही लगेच काढून दाखवाल. मान्य. पण पाठ गरिबाची आणि आपली सारखीच दुखते. आणि आई, 2004 साली 58 आयांच्या रक्तपेशी तपासल्या होत्या. त्यातल्या 39 जणी दीर्घकाळ आजारी मुलांना सांभाळणाऱ्या. ज्यांना ताण जास्त जाणवत होता, त्यांच्या गुणसूत्रांची टोकं जास्त झिजलेली निघाली. घाबरवायला नाही सांगत. तू थकतेस ते मनाचे खेळ नाहीत, इतकंच. "मला कुठे काय होतंय" हे वाक्य आता बंद.

दादाची गैरसोय होणार नाही. पलंग तोच, निळी चादर तीच, रात्रीचा दिवा तसाच. मदतनिसाला पहिल्या दिवशी सगळं नीट दाखवा: भरवताना मान किंचित पुढे, पाणी घट्ट करूनच, जेवल्यावर अर्धा तास ताठ बसवायचं. आकडी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, पाच मिनिटांपुढे गेली तर थेट दवाखाना. बाबा, तुमची वही त्याच्या हाती द्या. "पहाटे 4.10, 50 सेकंद, उजवा हात" असं तुमच्याइतकं नेटकं त्याला जमणार नाही, सुरुवातीला चुकेल. चुकू द्या. त्याच्यासमोर "असू दे, मीच करतो" म्हणायचं नाही. आणि त्याला सुट्टी देऊन मला "आला होता" असं सांगायचं नाही. दादा हसून तुमचं बिंग फोडतो, ठाऊक आहे ना?

पालकांच्या गटातही तुझं नाव दिलंय, आई. एकदाच जा. तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही, सगळ्यांच्या घरी हेच. नाही आवडलं तर पुन्हा म्हणणार नाही. (म्हणेन, पण हळू.)

पहिल्या रात्री तू दार उघडं ठेवशील. ठेव. झोप लागली नाही तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. फक्त उठून त्याच्या खोलीत जाऊ नकोस.

तुमची धाकटी

ता. क. बाबा, वहीची शेवटची चारच पानं उरली होती. नवी पाठवतेय, आखीव, समास सोडलेली.