उत्तर न येणे हाही बिघाडच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर जिल्ह्यातल्या पतसंस्था आणि दूध संस्था जनरेटर, बॅटऱ्या तपासून घेतात. खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसवर नजर ठेवून बिघाड झाला की मोबाईलवर मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मात्र कोणी तपासत नाही. मी संगणक देखभालीचे काम करतो, म्हणून हे पत्र.

शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत सकाळी खातेदारांची रांग खोळंबली. डेटाबेस रात्रीच अडकला होता, पण कोणाच्याही मोबाईलवर मेसेज नव्हता. स्क्रिप्ट चालूच होती, डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत!

डेटाबेस पुरता बंद असेल तर मशीन जोडणी लगेच नाकारते आणि स्क्रिप्ट बोंब मारते. डिस्क अडकून तो अर्धमेला झाला, तर लिनक्स, म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, जोडणी स्वीकारतो, पण पुढे डेटाबेस बोलतच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या क्लायंटला, म्हणजे त्याच्याशी जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमला, मुदत घालून दिली नसेल, तर तो कितीही वेळ थांबतो. ठरल्या वेळी कामे सुरू करणारा क्रॉन इकडे दर मिनिटाला नवी स्क्रिप्ट सोडतच राहतो. त्या तिथेच लटकतात आणि पोस्टग्रेसची 100 जोडण्यांची मूळ मर्यादाही त्यांनीच भरू शकते.

राजाराम बंधाऱ्यावरून आकडा आला नाही म्हणून पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीखाली आहे, असे कोल्हापुरात कोणी धरून चालत नाही. मग मेसेज आला नाही म्हणजे सर्व्हर ठीक, हे आपण का धरतो?

जोडणीला पाच सेकंदांची मुदत घालावी, क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) वेगळी. तेवढ्यावर भागत नाही, कारण सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधतानाच डीएनएस या नाव-पत्ता यंत्रणेपाशी स्क्रिप्ट अडकली तर पोस्टग्रेसची ती मुदत लागू होत नाही. म्हणून अख्खी स्क्रिप्ट लिनक्सच्या 'टाइमआउट' कमांडखाली चालवावी; ठरलेली वेळ संपली की ही कमांड स्क्रिप्ट थांबवते. तेव्हा ती 124 हा कोड देते, त्यावर मेसेज गेलाच पाहिजे. 'एफलॉक' ही कुलूप लावणारी कमांड वापरली की पहिली स्क्रिप्ट संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. शिवाय शेवटची यशस्वी तपासणी कधी झाली, हे दुसऱ्या मशीनवरून बघावे.

चाचणीतही फसगत होते. पुरवठादार डेटाबेस बंद करून दाखवतात, मेसेज येतो, सगळे खूश. ही सोपी परीक्षा झाली. चाचणीच्या सर्व्हरवर फायरवॉलला 'ड्रॉप' नियम (आलेली विनंती उत्तर न देता टाकून देणारा) लावा किंवा पोस्टग्रेसची मुख्य प्रक्रिया 'स्टॉप' सिग्नलने गोठवा, आणि मग मेसेज येतो का ते बघा. संचालक मंडळांनी देखभाल कराराचे नूतनीकरण करताना ही चाचणी समोर करून दाखवायला सांगावी, ही कळकळीची विनंती.

— एक सिस्टीम ॲडमिन, राजारामपुरी, कोल्हापूर